चोवीस इंच

मंडळीच्या बैठकीत ठराव झाला, सात विरुद्ध चार.
मी हात वर केला नाही, नकारातही हलवला नाही,
दोन्ही हातांत कॉफीचा कप होता.
मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या,
विमावाले पत्रावर पत्र धाडतायत,
उद्या तिथे कुणी गारठून मेलं तर?
त्या काही दुष्ट नाहीत.
दर हिवाळ्यात चाळीस जोड मोजे विणतात निवाऱ्यासाठी,
टाचेकडे दुहेरी लोकर घालून.

वेल्डिंग येतं ते मंडळीत मला एकट्याला.
म्हणून काम माझ्याकडे आलं,
साठ डॉलर, लोखंड वेगळं.

चर्चच्या दारातला बाक सहा फुटी.
त्यावर बसवायचे दोन दांडे, 'हात टेकण्यासाठी',
कागदावर असंच लिहिलं होतं.
म्हाताऱ्यांची सोय, असं खाली कंसात.

डुलुथमध्ये नोव्हेंबरात
सरोवरावरचा वारा दार ठोठावत नाही, सरळ आत येतो.
मी टेप काढली तेव्हा ऑर्व्हिल जागाच होता,
निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेला,
डोक्याखाली बूट, बुटांत चष्मा.
उठला. ताडपत्रीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून,
आणि काही न विचारता
टेपचं दुसरं टोक धरलं.

"बहात्तर," तो म्हणाला. "तिनाने भाग जातो."
खनिजाच्या धक्क्यावर एकवीस वर्षं फिटर होता.
"नटबोल्ट की वेल्डिंग?"
वेल्डिंग, मी म्हणालो.
तो बराच वेळ बाकाकडे बघत राहिला.
"मग लोखंड आधी घासून घे. ओल आहे. सांधा धरणार नाही."

मी घासून घेतलं.
मुखवटा खाली ओढला की जग हिरवं-काळं होतं,
एक ठिणगी, तिच्याभोवती रात्र,
आणि माणसाचा चेहरा दिसत नाही. बरं असतं ते.
कच्चं काम करावं, असं मनात येऊन गेलं,
दोन लाथांत सुटेल इतपत.
पण माझ्या हातांना कच्चं काम येत नाही,
वडिलांनी शिकवलंच नाही.

सांधा निवल्यावर ऑर्व्हिलने त्यावरून अंगठा फिरवला,
जसा कुणी झोपलेल्या पोराच्या भुवईवरून फिरवेल.
"झकास," म्हणाला. "हा काही तुटत नाही."
मग मधल्या चोवीस इंचांत बसून पाहिलं,
मांडीवर घडी केलेली ताडपत्री,
दवाखान्यात नंबराची वाट पाहावी तसा.
बुधवारपासून तो दिसला नाही.

मी विचारलं, बस स्टँडवर, वाचनालयाच्या तळघरात,
पुलाखाली जिथे बर्फ काळं होतं तिथेही.
लोक मला विचारत, तुम्ही त्याचे कोण?
साधा प्रश्न. मला उत्तर द्यायला वेळ लागायचा.

रविवारी पाळक मेर्ना यांनी वाचन घेतलं,
कोल्ह्यांच्या बिळांचं, पाखरांच्या घरट्यांचं.
मुद्दाम घेतलं नव्हतं, त्या आठवड्याचं तेच ठरलेलं होतं.
पुढची ओळ सगळ्यांना पाठ होती.
मिसेस लिंडक्विस्ट यांच्या सुया थांबल्या.
उपासनेतही विणतात त्या, कुणी काही म्हणत नाही.

प्रभुभोजनाला आम्ही कठड्यापाशी गुडघे टेकले.
कठडाही माझ्याच हातचा, बारा वर्षांपूर्वीचा.
डोळे मिटायचे असतात. माझे उघडेच होते,
आणि सवयीने नजर मोजत गेली
माणसापासून माणूस
चोवीस इंच,
चोवीस इंच,
माझ्या डावीकडे अठ्ठेचाळीस.

मेर्ना यांनी माझ्या तळव्यावर तुकडा ठेवला.
तुझ्यासाठी, म्हणाल्या.
तळव्याला अजून जळक्या लोखंडाचा वास होता.
खाल्ला. गिळायला जड गेला.

ते साठ डॉलर दानपात्रात टाकले होते,
तेवढ्यानेच सुटेन अशा हिशेबाने.
सुटलो नाही.

ग्राइंडर ट्रकमध्ये मागे आहे.
दोन दांडे, चार सांधे, वीस मिनिटांचं काम,
आवाज मात्र मिसेस लिंडक्विस्ट यांच्या घरापर्यंत जाईल.
काल रात्री चर्चसमोर ट्रक उभा केला,
इंजिन चालू, दिवे बंद.
बाकावर बर्फ साचलं होतं, तीन वेगवेगळे ढीग,
जणू तिघं शेजारी बसलीत,
एकमेकांना न लागता.

जुनी चकती काढून नवी बसवली.
अजून तरी तेवढंच केलंय.